एव्हरेस्टवरील पहिल्या स्वाऱ्या



दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एव्हरेस्टवर बोलण्याचा योग आला होता. पाऊस नुकताच उघडला होता, सभागृह म्हणजे शाळेचीच पडवी, तरी मंडळी बरी जमली होती. हिलरी आणि तेनसिंग यांनी २९ मे १९५३ रोजी शिखरावर पाय ठेवला, तिथपर्यंतची हकीकत मी रंगवून सांगितली. टाळ्याही पडल्या. कोणाला काही विचारायचे आहे का, असे अध्यक्षांनी म्हटल्यावर मागच्या बाजूचे एक साठीतले गृहस्थ उभे राहिले. बाजार समितीच्या आवारात धान्याची पोती वाहण्यात त्यांची हयात गेली होती, हे मला मागाहून कळले. त्यांनी विचारले, "गुरुजी, एवढ्या उंचावर ह्या लोकांचं सामान कुणी नेलं?"

मी म्हणालो, "शेर्पांनी."

"नावं काय त्यांची?"

तेनसिंगखेरीज एकही नाव माझ्या तोंडी येईना. वीस वर्षे इतिहास शिकवतो आहे, सनावळ्या पाठ आहेत, आणि एका साध्या प्रश्नाला उत्तर नाही! एस. टी.ने परत येताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग पुस्तके उघडली, जुन्या मोहिमांचे वृत्तान्त वाचले. त्यातून एक गोष्ट ध्यानी आली, ती आज आपणांपुढे ठेवतो. एव्हरेस्ट सर करायला शेवटी ज्या दोन गोष्टी कामी आल्या, त्या १९२२ सालीच माणसांच्या डोळ्यांसमोर आलेल्या होत्या. एक, नळकांड्यात भरून नेलेला प्राणवायू. दुसरी, पाठीवर ओझे घेऊन येणारा माणूस हा आपल्याच दोराला बांधलेला बरोबरीचा सोबती आहे, ही जाणीव. दोन्ही गोष्टी समोर असताना त्या मनापासून मान्य व्हायला जवळजवळ अडीच तपे गेली.

आधी डोंगराविषयी थोडे सांगतो. हे शिखर जगात सर्वांत उंच आहे, हे कोणी चढून जाऊन ठरवलेले नाही. ते ठरले कागदावर, त्रिकोणांच्या गणिताने. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लँबटन नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीच्या मोजणीला आरंभ केला. त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही मोजणी दक्षिणेतून उत्तरेकडे सरकत गेली. लँबटन म्हातारा झाला तरी काम सोडीना. १८२३ च्या जानेवारीत मोजणीच्याच वाटेवर त्याने देह ठेवला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याचे थडगे तिथेच आहे. त्या भागातल्या शिक्षकांनी मुलांना एकदा तिथे अवश्य न्यावे. एव्हरेस्टच्या उंचीचा धागा हिंगणघाटावरून गेलेला आहे, हे ऐकून मुले चकित होतील.

पुढे जॉर्ज एव्हरेस्टने आणि त्याच्यामागून अँड्र्यू वॉ याने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. नेपाळात परकीयांना मज्जाव होता, म्हणून १८४९-५० च्या सुमारास उत्तर बिहारच्या मैदानातून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, दुर्बिणी लावून शिखरांचे कोन घेतले गेले. त्या आकड्यांवरून उंच्या काढण्याच्या कामात राधानाथ सिकदार हे बंगाली गणिती प्रमुख होते. यादीतले पंधराव्या क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच आहे, हे प्रथम त्यांच्या ध्यानी आले असे सांगतात. १८५६ साली उंची जाहीर झाली, २९,००२ फूट. सध्या मान्य असलेली उंची, २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली, ८,८४८.८६ मीटर म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. शंभर मैलांवरून केलेल्या मोजणीत फरक पडला तो अवघा तीसएक फुटांचा! १८६५ साली शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. तिबेटी लोक मात्र त्याला पूर्वीपासून चोमोलुंग्मा म्हणत आले आहेत.

ही उंची कशी कळावी? आपल्या महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई, सुमारे ५,४०० फूट. अशा पाच कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तर होतात २७,००० फूट. म्हणजे पाचही पुरत नाहीत, वर आणखी दोन हजार फूट उरतातच. हा २७,००० चा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा यायचा आहे.

आणि खरी अडचण उंचीची नाही, हवेची आहे. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते. एव्हरेस्टच्या माथ्यावर एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने जेमतेम एक-तृतीयांश प्राणवायू मिळतो. पाणी तिथे इतक्या कमी उष्णतेवर उकळते की डाळ काही केल्या शिजत नाही. माणूस एक पाऊल टाकतो आणि पाच-सहा वेळा धापा टाकतो. भूक जाते, झोप जाते, आणि वाईट म्हणजे विचारशक्तीही मंदावते. चुकीचा निर्णय घेतला जातो, आणि तो चुकीचा आहे हेही कळत नाही.

या दोन्ही बाबी, हवा आणि ओझे, ज्याला सर्वांआधी उमगल्या असा एक माणूस होता. त्याचे नाव अलेक्झांडर केलस. स्कॉटलंडचा, लंडनच्या एका वैद्यकीय विद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारा, शांत, काहीसा एकलकोंडा मास्तर. सुट्टी मिळाली की हा सिक्कीमकडे येई. युरोपातले वाटाडे बरोबर आणण्याचा त्या काळी रिवाज होता. केलसने तो लवकरच सोडला आणि शेर्पांना घेऊन शिखरे चढू लागला. हे शेर्पा मूळचे नेपाळातल्या सोलू-खुंबू भागातले, मजुरीसाठी दार्जिलिंगला आलेले. त्यांच्या अंगची ताकद इतर साहेबांनाही दिसत होती. पण हे लोक नुसते ओझी वाहणारे नसून जातिवंत गिर्यारोहक होऊ शकतात, हे केलसने प्रत्यक्ष चढून दाखवले. त्याचबरोबर उंचीवर शरीरात प्राणवायूचे काय होते याचा त्याने अभ्यास मांडला, आणि १९२० साली गढवालातल्या कामेट पर्वतावर प्राणवायूच्या नळकांड्यांचे प्रयोगही केले.

त्याच वर्षाअखेर तेराव्या दलाई लामांनी तिबेटातून एव्हरेस्टकडे जाण्याची परवानगी दिली. १९२१ च्या मे महिन्यात हॉवर्ड-बरी याच्या नेतृत्वाखाली पहिली पाहणी मोहीम दार्जिलिंगहून निघाली. केलस तिच्यात होता. पण हिवाळ्यात आणि वसंतात लागोपाठ चढाया करून तो आधीच थकलेला होता. वाटेत पोट बिघडले. डोलीत घालून नेण्याची वेळ आली. ५ जूनला कंपा झोंगजवळ एका खिंडीत त्याचे हृदय बंद पडले. जिथे त्याला पुरले तिथून त्याने स्वतः सर केलेली सिक्कीमची हिमशिखरे दिसतात. ज्याला दोन्ही किल्ल्या सापडल्या होत्या तो माणूस दरवाज्यापर्यंत पोचलाच नाही.

त्या पाहणी मोहिमेने वाट शोधून काढली. तिबेटच्या बाजूने रोंगबुक हिमनदी, तिच्या पूर्वेच्या फाट्यातून वर, आणि मग सुमारे २३,००० फुटांवरची उत्तर खिंड. २४ सप्टेंबरला जॉर्ज मॅलरी आणि त्याचे दोन सोबती या खिंडीत पोचले. वाऱ्याने त्यांना उभे राहू दिले नाही. पण तिथून पुढचा दांडा त्यांनी डोळे भरून पाहिला. हा मॅलरी मूळचा शाळामास्तर. शिक्षक मंडळींना सांगायला हरकत नाही, एव्हरेस्टसाठी त्याने नोकरी सोडली होती. आपण सोडू का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. उत्तर सांगत नाही.

१९२२ साली खरी स्वारी निघाली. जनरल चार्ल्स ब्रूस हा तिचा नेता. गुरखा पलटणीत उमर गेलेला, नेपाळी सफाईने बोलणारा, माणसांत मिसळणारा गडी. २६ मार्चला दार्जिलिंग सोडले आणि मेच्या आरंभी रोंगबुकला तळ पडला. पाच आठवड्यांची पायपीट, तीही तिबेटच्या बोचऱ्या वाऱ्यात.

आता ओझ्याचा हिशेब पाहा. बैलगाडीने लांबचा प्रवास करायचा तर निम्मी गाडी बैलांच्या कडब्यानेच भरते, हे आपणां शेतकरी मंडळींना सांगायला नको. डोंगरावरही तसेच. शिखराजवळ दोन माणसांना एक रात्र निजायचे, तर तंबू, पिशव्या, चूल, इंधन, अन्न हवे. ते नेणाऱ्यांना खालच्या मुक्कामी तंबू आणि अन्न हवे. त्यांना पोचवणाऱ्यांना त्याच्या खालच्या मुक्कामी. अशा रीतीने वरच्या दोघांसाठी खाली साठ-सत्तर माणसे राबतात. साहेब लोक वर जाताना दिसतात. त्यांच्यासाठी तंबू आधीच ठोकलेला असतो तो कोणी ठोकला, हे छायाचित्रात येत नाही.

२१ मे १९२२. मॅलरी, सॉमरवेल आणि नॉर्टन प्राणवायूवाचून चढत गेले आणि २६,९८५ फुटांवर पोचले. आपल्या पाच कळसूबाया म्हणजे २७,०००, नाही का? पंधरा फूट कमी! तोवर माणूस इतक्या उंच पायी कधी गेला नव्हता. चौथा सोबती मॉर्सहेड हिमदंशाने अर्ध्यातून मागे राहिला होता. उतरताना एकाचा पाय घसरला आणि तिघे खाली ओढले गेले. मॅलरीने बर्फात कुऱ्हाड रोवून, तिला दोर गुंडाळून चौघांचे प्राण वाचवले.

आता दुसरी जोडी. हिच्यातला जॉर्ज फिंच हा मोहिमेतला सर्वांत गमतीचा आणि सर्वांत अप्रिय इसम. जन्म ऑस्ट्रेलियातला, शिक्षण झुरिकचे, धंदा रसायनशास्त्राचा. उंच विद्यापीठांतून आलेल्या मंडळींना हा उपरा वाटे. त्याने काय करावे? विमानी फुग्याचे कापड घेऊन त्यात बदकाची मऊ पिसे भरली आणि डगला शिवला. लोक हसले. त्या कडाक्याच्या थंडीत इतर जण लोकरीचे थर चढवून कुडकुडत होते आणि हा आपल्या गोधडीवजा डगल्यात उबदार बसला होता, तेव्हा हसणे थांबले. पिसांचे कपडे पुढे सगळ्या जगाने स्वीकारले. प्राणवायूची नळकांडी सांभाळण्याचे कामही त्याच्याकडेच होते. एका संचाचे वजन तीस पौंडांहून अधिक. कित्येकांच्या मते ही लबाडी होती. डोंगर चढायचा तर आपल्या छातीच्या बळावर, बाटलीतली हवा ओढत कसला पुरुषार्थ? शेर्पा त्या नळकांड्यांना थट्टेने 'इंग्लिश हवा' म्हणत.

फिंचबरोबर जेफ्री ब्रूस नावाचा तरुण लष्करी अधिकारी होता, ज्याने जन्मात कधी गिर्यारोहण केले नव्हते, आणि तेजबीर बुरा नावाचा गुरखा जवान. २५,५०० फुटांवर यांचा तंबू होता, तिथे वादळाने गाठले. एक रात्र, मग दिवसभर, तंबू धरून बसले. खायचे संपत आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर माणसांचे आवाज आले. उत्तर खिंडीतून सहा शेर्पा दोन-अडीच हजार फूट चढून आले होते. बरोबर काय, तर गरम चहाने भरलेल्या थर्मासच्या बाटल्या! देऊन ते लगेच अंधारात खाली निघून गेले. माझ्या मते एव्हरेस्टच्या साऱ्या इतिहासात यासारखा प्रसंग नाही. यात विक्रम नाही, पदक नाही. त्या सहा जणांत एकालाही प्राणवायूचे नळकांडे नव्हते.

त्या रात्री थंडीने गारठलेल्या तिघांना फिंचने आळीपाळीने प्राणवायू हुंगवला. अंगात ऊब आली, झोप लागली. सकाळी, २७ मेला, तिघे निघाले. तेजबीरच्या पाठीवर जादा नळकांडी होती, म्हणजे तिघांत सर्वांत जड ओझे त्याचे. सुमारे २६,००० फुटांवर तो कोसळला. त्याला तंबूकडे परत पाठवून दोघे पुढे गेले आणि २७,३०० फुटांवर पोचले. तिथे ब्रूसची नळी फुटली. फिंचने स्वतःच्या यंत्रातून त्याला हवा दिली, ते दुरुस्त केले, आणि ब्रूसची अवस्था पाहून मागे फिरला. डोंगर कधी न चढलेला एक नवशिका माणूस सहा दिवसांपूर्वीच्या नामांकित गिर्यारोहकांहून उंच गेला होता. एवढा पुरावा पुरे नव्हता काय?

तिसरी चढाई करायला नको होती. जून लागला होता, ताजा बर्फ भुसभुशीत पडला होता. तरीही मॅलरीने आग्रह धरला. ७ जूनला मॅलरी, सॉमरवेल, क्रॉफर्ड हे तिघे आणि चौदा ओझेवाले उत्तर खिंडीकडे चढत होते. दुपारी दीडच्या सुमारास स्फोटासारखा आवाज झाला आणि उतारावरचा बर्फ सरकला. वरच्या दोरावरचे साहेब थोडे वाहत जाऊन थांबले. खालच्या दोन दोरांवरचे नऊ जण बर्फाच्या कड्यावरून भेगेत फेकले गेले. दोघांना जिवंत उकरून काढले. सात जण गेले.

एव्हरेस्टवर मोहिमेच्या काळात गेलेले हे पहिले बळी. वाचलेल्या सोबत्यांनी सांगितले की मृतांना तिथेच बर्फात राहू द्यावे. खाली दगडांचा एक चिरा रचला. मॅलरी पुढे कितीतरी दिवस स्वतःला दोष देत राहिला, आणि तो दोष खराच होता. सॉमरवेलला टोचणी लागली ती निराळी. मेलेले सगळे शेर्पा आणि भोटिया, आपल्यातला एकही नाही, याचीच त्याला लाज वाटली. आपल्यातला एखादा त्यांच्यासोबत गेला असता तर बरे झाले असते, निदान उरलेल्यांना कळले असते की आपण त्यांच्या संकटातले वाटेकरी आहोत, असे त्याच्या मनात आले. त्या काळच्या साहेबाच्या मनात हा विचार यावा हे थोडे नव्हे. हा सॉमरवेल शस्त्रवैद्य होता. मोहीम संपल्यावर तो दक्षिणेत त्रावणकोरातले नेय्यूरचे मिशन रुग्णालय पाहायला गेला, तिथली रुग्णांची रांग पाहून परत आला, आणि त्याने आपल्या आयुष्याची बहुतेक वर्षे त्या भागातल्या गोरगरिबांच्या सेवेत घालवली.

१९२४ च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये शामोनी येथे हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा या १९२२ च्या मोहिमेला गिर्यारोहणाची एकवीस पदके देण्यात आली. त्यात मरण पावलेले सात ओझेवालेही होते. पदक मिळाले, पण पुस्तकांतून त्यांची नावे एकसारखी लिहिलेलीसुद्धा सापडत नाहीत. एकाने एक उच्चार टिपला, दुसऱ्याने दुसरा. त्या हमाल गृहस्थांना मी त्या दिवशी नावे सांगू शकलो नाही, त्यात माझा आळस होताच, पण सगळा दोष माझाही नव्हता.

१९२४ साली पुन्हा स्वारी. या खेपेला फिंचला वगळले. व्याख्यानांच्या पैशावरून त्याचे मोहिमेच्या समितीशी बिनसले होते, आणि तो कोणाला फारसा आवडत नव्हता हेही आलेच. त्याची नळकांडी मात्र गेली! जनरल ब्रूस वाटेतच हिवतापाने आजारी पडला आणि नेतृत्व नॉर्टनकडे आले. गुरखा जवान शमशेर पुन आणि मोहिमेचा चांभार मान बहादूर असे दोघे दगावले. चांभार कशाला, असे कोणी विचारील. साहेबांच्या आणि शेर्पांच्या बुटांच्या तळव्यांना खिळे ठोकायला. त्याचेच पाय हिमदंशाने गेले.

मेच्या अखेरीस चार शेर्पा उत्तर खिंडीतल्या छावणीत अडकून पडले, खाली उतरण्याची वाट बर्फाने बुजलेली. दोन वर्षांपूर्वीचे सात जण कोणी विसरले नव्हते. नॉर्टन, मॅलरी आणि सॉमरवेल तिघेही आजारी, खोकत असताना त्यांना आणायला वर गेले. सॉमरवेल धोक्याच्या उतारावर दोर घेऊन पुढे सरकला. दोर संपला, अंतर उरले. दोन शेर्पा घसरले आणि सुदैवाने थांबले. सॉमरवेलने कमरेचा दोर सोडून कुऱ्हाडीला बांधला, त्याचे टोक एका हाती धरले आणि दुसऱ्या हाताने एकेकाला मानेला धरून ओढून घेतले. शिखराची सगळी शक्ती त्या दिवशी खर्ची पडली, आणि ती योग्य ठिकाणी पडली असे मला वाटते.

आता ती नावे. ३ जूनला सकाळी पाचव्या छावणीत, सुमारे २५,००० फुटांवर, शेर्पा तंबूत पडून होते. वर जायला कोणी तयार नव्हते. नॉर्टनने कितीतरी वेळ त्यांची समजूत घातली. अखेर तिघे उठले : नोरबू यिशांग, ल्हाक्पा चेडी आणि सेमचुंबी. सेमचुंबीचा गुडघा दगड लागून दुखावलेला होता. तिघांनी सहावी छावणी २६,८०० फुटांवर नेऊन ठेवली, तीही प्राणवायूवाचून, आणि त्याच दिवशी खाली उतरले. छावणीचे सामान पाठीवर घेऊन माणूस इतक्या उंच त्यापूर्वी गेला नव्हता.

त्या तंबूतून दुसऱ्या दिवशी नॉर्टन आणि सॉमरवेल निघाले. सॉमरवेलचा घसा थंडीने इतका सुजला की श्वास अडकू लागला. तो खाली बसला. नॉर्टन एकटा पुढे गेला आणि २८,१२६ फुटांवरून परतला. शिखर नऊशे फुटांवर राहिले. प्राणवायूवाचून त्याहून उंच माणूस गेला तो थेट १९७८ साली. रात्री नॉर्टनला बर्फाच्या चकाकीने आंधळेपण आले. उतरताना सॉमरवेलच्या घशात काहीतरी अडकून प्राण कंठाशी आले होते. अखेर छातीवर दाब देऊन जोराने खोकताच घशातली सडलेली त्वचाच बाहेर पडली आणि तो वाचला.

मग मॅलरीची पाळी. ज्याने एके काळी नळकांड्यांची टिंगल केली होती त्यानेच या वेळी ती पाठीवर घेतली. सोबती निवडला बावीस वर्षांचा आयर्विन, गिर्यारोहणात कच्चा, पण यंत्रे दुरुस्त करण्यात हात बसलेला. ७ जूनला दोघे सहाव्या छावणीत पोचले. शेवटच्या चिठ्ठ्या चार शेर्पांच्या हाती देऊन त्यांनी त्यांना परत पाठवले. ८ जूनला दुपारी एकच्या आधी, ढगांची फट पडली तेव्हा ओडेलला वरच्या दांड्यावर दोन काळे ठिपके सरकताना दिसले. ढग मिटला. पुन्हा ते कोणाला दिसले नाहीत. ओडेल दोनदा सहाव्या छावणीपर्यंत शोधायला गेला, आणि खालच्यांना कळावे म्हणून अखेरीस बर्फावर कांबळ्यांची फुली अंथरली गेली.

ते शिखरावर पोचले होते काय? लोक अजूनही वाद घालतात. १९३३ साली एक कुऱ्हाड मिळाली. १९९९ च्या १ मे रोजी मॅलरीचे शव सुमारे २६,७६० फुटांवर सापडले, दोर तुटलेला, एक पाय मोडलेला. २०२४ साली खालच्या हिमनदीत आयर्विनचे नाव शिवलेला मोजा आणि बूट मिळाला. कॅमेरा मात्र मिळालेला नाही. माझ्यापुरते बोलायचे तर मला या वादात फार गोडी नाही. जो चढला आणि परतला तोच चढला, असे आपला साधा शेतकरीही सांगेल.

१९३३, १९३६, १९३८ च्या स्वाऱ्या मी थोडक्यातच उरकतो, कारण १९३३ साली काही जण २८,१०० फुटांच्या आसपास पोचले, तरी नॉर्टनच्या पुढे कोणी गेले नाही. नळकांडी घ्यावीत की नाही याचा घोळ चालूच. मॉरिस विल्सन नावाचा एक इंग्रज तर १९३४ साली बैराग्याच्या वेषात एकटाच चढायला गेला आणि खिंडीखाली मरण पावला. १९३५ साली एरिक शिप्टनने दार्जिलिंगला ओझेवाले निवडताना वीस-एकवीस वर्षांच्या एका हसऱ्या पोराला घेतले, ते या काळातले खरे महत्त्वाचे. त्याचे नाव तेनसिंग.

महायुद्ध झाले. तिबेटची वाट बंद झाली, नेपाळची उघडली. १९५२ साली स्विस लोक दक्षिणेच्या बाजूने आले आणि त्यांनी तेनसिंगला ओझेवाल्यांचा मुकादम म्हणूनच नव्हे, तर चढाईच्या तुकडीचा सभासद म्हणून घेतले. २८ मेला रेमंड लँबर्ट आणि तेनसिंग दोघे एका दोराने सुमारे २८,२०० फुटांवर पोचले. लँबर्टच्या पायाची बोटे पूर्वीच्या एका अपघातात गेलेली, दोघांना एकमेकांची भाषा धड येईना, पण तो दोर खराखुरा बरोबरीचा होता.

पुढच्या वर्षी इंग्रजांची मोहीम आली. प्राणवायू भरपूर, पिसांचे कपडे सगळ्यांना, आणि तेनसिंग याही वेळी तुकडीचा सभासद. म्हणजे सगळे शहाणपण आले असे मात्र नाही. काठमांडूत इंग्रज वकिलातीत साहेबांना खोल्या मिळाल्या आणि शेर्पांना मोटारी ठेवण्याच्या गॅरेजमध्ये जमिनीवर निजवले. शेर्पा संतापले, आणि सकाळी त्यांनी आपला निषेध वकिलातीसमोरच्या रस्त्यावर ज्या प्रकारे नोंदवला तो रेडिओवर सांगण्यासारखा नाही!

एक गोष्ट राहिली. ज्याच्या डगल्याला आणि नळकांड्यांना लोक हसले होते तो फिंच १९५२ ते १९५७ या काळात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. म्हणजे १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्याची वार्ता पसरली, तेव्हा त्याच्या कामाचा पत्ता पुण्याचा होता. त्याला त्या दिवशी काय वाटले असेल, कोण जाणे. एकतीस वर्षांपूर्वी २७,३०० फुटांवर ब्रूसच्या तोंडाशी स्वतःची नळी धरणारा हाच तो माणूस.

२९ मेला सकाळी साडेअकरा वाजता हिलरी आणि तेनसिंग माथ्यावर उभे राहिले. तेनसिंगची एव्हरेस्टवरची ती सातवी खेप. त्याच्या गळ्यात एक तांबडा रुमाल होता, आदल्या वर्षी लँबर्टने दिलेला.